तीन घरी जेवलेली मुलगी

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी टाकवे बुद्रुकला आमच्या खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. दुपारच्या जेवणाआधी तीन बायकांनी एकमेकींना विचारलं, की मुलगी काल कुणाकडे जेवली. प्रत्येकीने दुसरीचं घर सांगितलं. मुलगी आदल्या दिवशी तिन्हींपैकी एकाही घरी जेवलेली नव्हती.

मुलगी म्हणजे माझी भाची, थोरल्या भावाची मुलगी. तेव्हा वय सतरा, इयत्ता बारावी. तीन बायकांमधली एक तिची आई, माझी वहिनी. दुसरी तिची मावशी, वहिनीची धाकटी बहीण. तिसरी मी.

तीन घरांची व्यवस्था दीड वर्षापासून होती. टाकव्याहून लोणावळ्याच्या कॉलेजला रोज यायचं म्हणजे आधी कान्हे स्टेशनपर्यंत जीप, मग लोकल, आणि संध्याकाळी तेच उलट. म्हणून सोमवार ते शुक्रवार ती माझ्याकडे, लोणावळ्याजवळ कुसगावला राहायची. मी पुण्याच्या एका दैनिकात बावीस वर्षं उपसंपादक होते. आता घरी बसून मजकूर तपासण्याची कामं करते. मावशी लोणावळ्यात बाजारपेठेच्या मागे राहते आणि चिक्कीच्या दुकानात पॅकिंगचं काम करते. तिचं घर कॉलेजपासून जवळ, त्यामुळे दुपारी किंवा क्लास सुटल्यावर मुलगी तिथे जायची. शनिवारी ती टाकव्याला जायची आणि रविवारी संध्याकाळी परत यायची.

झोडणीला मावशी आणि मी मुद्दाम गेलो होतो. घरची माणसं आणि मदतीला आलेली मिळून बारा जण पेंढ्या फळीवर आपटत होते. आम्ही तिघी सावलीला जेवणाची मांडामांड करत होतो. भाकऱ्यांची टोपली उघडता उघडता मावशीने मला विचारलं, "काल काय केलं होतं हो तुम्ही? पोरगी एवढी जेवून आली की माझ्याकडे घास घेतला नाही. म्हटलं, आत्याच्या हाताला चव कधीपासून आली?"

माझा स्वयंपाक हा दोन्ही घरांत थट्टेचा विषय आहे. त्याला उत्तर द्यायचं नसतं.

"काल ती माझ्याकडे जेवली नाही," मी म्हणाले. "तुमच्याकडे जेवून टाकव्याला जाते म्हणाली."

"माझ्याकडे तर ती आली तीच 'जेवून आले' म्हणत."

वहिनी कांदा फोडत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "आन मला म्हनली, मावशीनं लय आग्रह केला, आता पोटात जागा न्हाई."

मग तिचा हात थांबला.

मुलगी वीस पावलांवर होती. माणसांना तांब्याने पाणी देत होती आणि चुलत्याशी काहीतरी बोलून हसत होती. मी वहिनीला विचारलं, "आज सकाळी काय खाल्लं?"

"च्या आन बटर. म्हंजी, खाते म्हनली. कप धुवून ठिवला व्हता."

"खाताना पाहिलंत?"

"न्हाई. मी गोठ्यात व्हते."

बातमीदारीत माहितीचे दोन प्रकार शिकवतात: पाहिलेली आणि ऐकलेली. आम्ही तिघींनी मागचा आठवडा एकेक दिवस करून समोर मांडला. बुधवारी रात्री ती क्लासवरून उशिरा आली आणि मावशीकडे जेवले म्हणाली. मावशीच्या म्हणण्याप्रमाणे बुधवारी ती आलीच नव्हती. गुरुवारी मी दिलेला डबा रिकामा आला, पण तो रिकामा कुणी केला हे मला माहीत नव्हतं. सात दिवसांत तिला नीट जेवताना पाहिल्याचं आमच्यापैकी एकीलाही सांगता आलं नाही. सगळी माहिती ऐकलेली होती आणि तिन्ही ठिकाणी ती एकाच व्यक्तीकडून आली होती.

त्या दिवशी पानं वाढायला मुलगीच उभी राहिली. ती नेहमीच उभी राहायची. "भाऊ, अर्धी तरी घ्या," "काका, कालवण असं ठेवायचं नसतं," असं म्हणत तिने बारा माणसांना पोटभर जेवू घातलं. माणसं म्हणाली, हिच्यासारखी वाढणारी पोर गावात नाही. हे मी आधीही ऐकलं होतं आणि मला बरंही वाटलं होतं. त्या दिवशी आम्ही तिघी फक्त तिच्या ताटाकडे बघत होतो. ती सगळ्यांच्या शेवटी बसली, दोनदा उठली, आणि ताट जसं वाढलं होतं जवळपास तसंच उचललं गेलं. पंगतीत वाढणारी शेवटी जेवते, आणि शेवटी जेवणाऱ्याकडे कुणी बघत नाही.

दुपारनंतर पोती भरायला सुरुवात झाली तेव्हा मी वहिनीला घराच्या मागे नेलं आणि विचारलं, "तिची पाळी शेवटची कधी आली होती?"

टाकव्याच्या घरात हा शब्द वापरत नाहीत. तिथे म्हणतात, 'अडचण आली'. अडचण आली की बाई चार दिवस देवघरात जात नाही, नैवेद्याला हात लावत नाही. कुसगावला मी हे पाळत नाही, त्यामुळे माझ्या घरात असताना मुलीचं काय चाललंय हे मला कळायला काही मार्ग नव्हता. शनिवार-रविवारखेरीज सगळ्या सणांना मात्र ती टाकव्याला असायची, आणि वहिनीला सणांचा हिशेब तोंडपाठ होता.

"गौरीला न्हाई," ती म्हणाली. "घटाला न्हाई, नऊ दिस माळ तिनंच घातली. दिवाळीत न्हाई, लक्ष्मीचं समदं तिनंच केलं. आखाडात आल्ती, ती शेवटची. मी म्हनलं, यंदा एका सणाला पन अडचण आली न्हाई, देवीची किरपा हाय. वन्सं, मी शेजारणीला सांगितलं व्हतं कौतुकानं."

आषाढ ते कार्तिक. इतकी नेमकी माहिती मला नोकरीत फार कमी वेळा मिळाली.

पुण्यात असताना आरोग्याच्या पानासाठी खाण्याच्या विकारांची लक्षणं सांगणारा एक लेख मी तपासला होता. शुद्धलेखन सुधारलं, मथळा दिला, आरशासमोर उभ्या असलेल्या शहरी मुलीचा फोटो लावला आणि पान सोडलं. हा आजार कुणाला होतो याबद्दल माझी समजूत त्या फोटोएवढीच होती. लेखातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वर्षभर माझ्या घरात होती. तिथे त्या प्रत्येक गोष्टीला दुसरं कारण मिळालेलं होतं. मुलीला सतत थंडी वाजायची. पण लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळत नाहीत, स्वेटर सगळेच घालतात. न्हाणीच्या जाळीत केस अडकायचे. आम्ही बोअरच्या पाण्याला दोष दिला आणि मी डोक्यावर घ्यायला टाकीचं पाणी वेगळं ठेवायला लागले. ती पहाटे उठून धावायची, पावसातसुद्धा, ताप असतानासुद्धा. तिला पोलीस भरतीला उतरायचं होतं. मावळातल्या कितीतरी मुली त्यासाठी धावतात आणि घरचे त्यांना उठवायला गजर लावतात. मीही लावत होते. ती डबा कॉलेजातच धुऊन आणायची. मी हे मैत्रिणींना फोनवर सांगितलं होतं, की आमच्या मुलीला वळण आहे. पाककृतींचे व्हिडिओ बघून ती रविवारी टाकव्याला नवे पदार्थ करायची आणि खाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. ज्या ज्या गोष्टीने आम्ही घाबरायला हवं होतं तिचं आम्ही कौतुक करून ठेवलं होतं.

संध्याकाळी मी भावाला सांगितलं. तो तळेगावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी शेती बघतो. तो बैठकीत चहा पीत होता. आबा, म्हणजे आमचे वडील, भिंतीला टेकून बसले होते.

"बारीक हाय, कबूल," भाऊ म्हणाला. "पर भरतीला बारीकच लागत्यात. पळती कशी ते बघ की. पोरांना मागं टाकती."

"दादा, ती जेवत नाही."

"आजकालच्या पोरी अशाच. दोन घास कमी खाती म्हणून डाक्टर? तिला काय येड लागलंय का?"

आबांना थोडं कमी ऐकू येतं आणि हवं तेव्हा ते आणखी कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "आपल्या म्हशीनं दोन दिस वैरणीला तोंड लावलं न्हाई, तवा तू ड्युटी बुडवून डाक्टर आणला व्हता."

"आबा, ती म्हस व्हती."

"व्हय. म्हशीची तेवढी काळजी केलीस. आता पोरीची कर."

भावाने चहा संपवला आणि मंगळवारी सुट्टी टाकतो म्हणाला.

मुलीशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. सोमवारी संध्याकाळी कुसगावला मी तिच्यासमोर बसले. प्रश्न मनात क्रमाने लावून ठेवले होते. ते चुकीचे होते, हे दुसऱ्या प्रश्नालाच कळलं.

"शनिवारी तू मावशीकडे जेवलीस म्हणालीस. मावशी म्हणते, नाही."

"तू आता बातमी करणार का, आत्या?"

"नाही. मला काळजी वाटते म्हणून विचारते."

"मी खोटं बोलले नाही," ती म्हणाली. "'जेवलीस का' असं विचारलं की 'जेवले' म्हणायचं असतं. सगळे म्हणतात. तू पण म्हणतेस. परवा पप्पांचा फोन आला तेव्हा कुकर लावायचा होता आणि तू म्हणालीस, हो, झालं जेवण."

ते खरं होतं. आमच्याकडे रस्त्यात, फाट्यावर, फोनवर माणूस भेटला की पहिला प्रश्न 'जेवलास का' हाच असतो आणि त्याला 'व्हय' हेच उत्तर असतं. त्या उत्तराचा जेवणाशी संबंध नसतो. तिन्ही घरांत आम्ही तिला दिवसातून चार-पाच वेळा हा प्रश्न विचारत होतो आणि विचारलं म्हणजे लक्ष आहे असं समजत होतो.

मी प्रश्न सोडून दिले. चहा केला आणि दोन कप मध्ये ठेवले. बराच वेळ आम्ही बसलो. मग ती आपणहून बोलली. वर्गात उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार येतो. डोक्यात सकाळपासून रात्रीपर्यंत जेवणच असतं: काय खाल्लं, काय खायचं नाही, किती धावायचं. दुसऱ्यांना वाढताना तेवढा वेळ बरं वाटतं. गणपतीनंतर तिने हे बंद करायचं ठरवलं होतं. एक दिवस जमलं.

"मला थांबवता येत नाहीये," ती म्हणाली. "आणि थांबवलं तर भरतीचं सगळं जाईल असं वाटतं."

सुरुवात कशाने झाली ते तिने त्या दिवशी सांगितलं नाही. काही महिन्यांनी सांगितलं. ते इथे लिहू नकोस असं तिने म्हटल्यामुळे ते इथे नाही.

मंगळवारी भाऊ, वहिनी, मी आणि मुलगी तळेगावला एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब बसून आणि उभं राहून पाहिला, रक्त तपासायला दिलं, हृदयाचा आलेख काढला. नाडी मंद होती. भाऊ म्हणाला, पळणाऱ्यांची असते तशी. डॉक्टरांनी त्याचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की ही तशी नाही. शरीर खर्च कमी करतंय, म्हणून नाडी मंद झालीय आणि म्हणूनच पाळी थांबलीय. हा आजार आहे, हट्ट नाही. बरा होतो, लवकर कळला तर जास्त सोपा जातो. त्यांनी पुण्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञांसाठी आणि आहारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली. वजनाचे, खाण्याचे आकडे मी इथे देत नाही. तसे आकडे छापले की कुणीतरी ते लक्ष्य म्हणून वाचतं, हे मला त्याच दवाखान्यात कळलं.

शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "आणि धावणं पूर्ण बंद. मी सांगेपर्यंत."

तोवर मुलगी शांत होती. त्या वाक्याला ती रडली. भावाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "भरती दरवर्षी निघती," तो म्हणाला. डॉक्टरांकडे येईपर्यंत तो या सगळ्याला खूळ म्हणत होता. परतताना गाडीत त्याने तो शब्द पुन्हा वापरला नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी मुलीशी एकटीशी बोलून झाल्यावर आम्हाला आत बोलावलं. त्यांनी सांगितलेलं थोडं होतं. तिला एकटीला जेवायला बसवू नका. कुणीतरी सोबत बसा आणि स्वतः जेवा. ताटावर पहारा करू नका, घासाची मोजणी नको, भांडण नको. ती बारीक दिसते की भरल्यासारखी दिसते, यावर कुणी एक शब्द बोलायचा नाही. आणि 'जेवलीस का' हा प्रश्न बंद.

हा शेवटचा नियम सर्वांत अवघड गेला. मावशीने पहिल्या दिवशी दारातच "जेव—" म्हटलं आणि पुढे "जेवायला बसूया" करून टाकलं. तिने दुकानातली दुपारची सुट्टी मागे-पुढे करून घेतली आणि कॉलेजच्या मधल्या वेळेत दोघी एकत्र बसायला लागल्या. मी आठवड्याचे पाच दिवस रात्री आठ वाजता काम बंद करायचं ठरवलं. माझं वरण पातळ होतं ही तक्रार मुलीने तिसऱ्या आठवड्यात केली. मी ती तक्रार वहिनीला फोन करून सांगितली. वहिनी म्हणाली, "खरंच पातळ असतं वन्सं, पर तुमाला कोन सांगनार?"

टाकव्याला आबांना नियम समजावून सांगावा लागला.

"मग इचारायचं काय?" ते म्हणाले. "पाऊस पडला का?"

"काही विचारायचंच नाही आबा. तिच्याबरोबर बसायचं."

"ते तर मी बसतोच. मला कोन उठू देतंय?"

आबांना दात नाहीत. कवळी आहे, ती कपाटात असते. ते भाकरी दुधात किंवा कालवणात मोडून, भिजेपर्यंत थांबून, मग खातात. त्यांच्या जेवणाला पाऊण तास लागतो. घरातले सगळे उठून जातात आणि आबा एकटे ताटावर उरतात, हे कित्येक वर्षं चालू होतं. त्या डिसेंबरात मुलीला एक भाकरी संपवायला तेवढाच वेळ लागत होता. शनिवारी-रविवारी शेवटी दोघंच पंगतीत उरायला लागले. आबा घाई करत नव्हते कारण त्यांना करता येत नव्हती. ते तिच्या ताटाकडे बघतही नव्हते. मोतीबिंदूमुळे त्यांना ते दिसत नव्हतं. ते तिला जुन्या बैलांच्या गोष्टी सांगत, आणि एका बैलाची गोष्ट संपेपर्यंत बहुतेक वेळा भाकरी संपत असे.

एकदा मी ओसरीवरून ऐकलं:

"आजा, हा बैल तुमी मागच्या रविवारी इकला व्हता."

"त्यो येगळा. त्यो तांबडा. ह्यो पांढरा."

"मागच्या वेळी पन पांढराच व्हता."

"मग तू सांग. मी खातो."

तिने सांगितली. त्या दिवशी आबांचं ताट तिच्याआधी रिकामं झालं.

सगळे दिवस असे नव्हते. जानेवारीत दोन आठवडे ती माझ्याशी फार कमी बोलली आणि एका संध्याकाळी ताट भिंतीकडे सरकवून खोलीत गेली. मी मागे गेले नाही. अर्ध्या तासाने ती परत आली. ताट तिथेच होतं, मीही तिथेच होते. भाजी गार झाली होती ती गरम करून घेतली. फेब्रुवारीत टाकव्याला शेजारची एक म्हातारी दारात येऊन म्हणाली, "आता कशी भरल्यासारखी दिसती पोर." ती चांगल्या मनाने बोलली होती. त्या रात्री मुलगी जेवली नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सांगितलं, की अशी वाक्यं येत राहणार. ती थांबवायचं काम तिचं नाही, घरच्यांचं आहे. त्यानंतर वहिनी दारातच उभी राहायला लागली. कुणी मुलीच्या अंगावरून बोलायला सुरुवात केली की ती म्हणायची, "तिचं ऱ्हाऊ द्या आजी, तुमच्या सुनंचं काय झालं ते सांगा." सुनेचा विषय निघाला की म्हातारी अर्धा तास हलत नसे. मुलगी आतून हसायची.

बारावीची परीक्षा लोणावळ्यात झाली. दर पेपरला मावशी डबा घेऊन जायची आणि दोघी केंद्राच्या आवारात झाडाखाली बसून जेवायच्या. एका पेपरला मावशीचा डबाच घरी राहिला, तेव्हा मुलीने पिशवीतल्या तीन केळ्यांपैकी दोन काढून एक मावशीला दिलं. ती केळी तिने स्वतः घेतली होती, कुणी सांगितलं नव्हतं. मावशीने हे मला त्याच दुपारी दुकानातून फोन करून कळवलं.

चैत्रात गावच्या जत्रेच्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, अडचण आली," ती म्हणाली. नैवेद्याचं ताट त्या वर्षी मुलीने न्यायचं ठरलं होतं. ते मावशीने नेलं. देवळापाशी बायकांनी विचारलं, पोर कुठे आहे? वहिनीने अडचण आल्याचं प्रत्येकीला हसत सांगितलं. हे हसून सांगण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळलं नाही. मी दुपारी पोचले तेव्हा मुलगी ओसरीवर पाय पसरून बसली होती आणि जत्रेतल्या शेवेच्या पुड्यातून आबांना लहान लहान तुकडे काढून देत होती. स्वतःही खात होती. भाऊ बाजूला उभा राहून हे मोबाईलवर टिपत होता. तिने त्याला फोन खाली ठेवायला लावला.

ती बारावी पास झाली. जूनपासून ती लोणावळ्यातच पहिल्या वर्षाला आहे आणि अजून माझ्याकडे राहते. पुण्याला आधी दर आठवड्याला जावं लागायचं, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. नाडी आणि रक्ताचे अहवाल गेले पाच महिने ठीक आहेत. पाळी नियमित आहे. डॉक्टरांच्या परवानगीने ती ऑगस्टपासून संध्याकाळी चालायला जाते. कुसगावपासून वरच्या रस्त्याने अर्धा तास, आणि सोबत कुणीतरी असतं. बहुतेक वेळा मी असते. मला दम लागतो तिथे आम्ही थांबतो. कधी कधी जेवताना ती गप्प होते आणि त्या दिवशी वेळ जास्त लागतो. आम्ही बसून राहतो. आम्हा पाचही जणांना आता हे ओझं वाटत नाही. भाऊ ड्युटी संपवून आला की रविवारी मुद्दाम उशिरा जेवायला बसतो, म्हणजे आबा आणि मुलीबरोबर त्याचीही गाठ पडते.

हा मजकूर मुलीने वाचला आहे. तिने दोन दुरुस्त्या सुचवल्या आणि दोन्ही केल्या आहेत. एक परीक्षेच्या दिवसाबद्दल होती: केळी दोन नव्हती, तीन होती, आणि तिसरं तिने पेपर सुटल्यावर खाल्लं. दुसरी दुरुस्ती एका वाक्याची होती. ते वाक्य काढून टाकलं आहे.

गेल्या शुक्रवारी आम्ही पुण्याला गेलो होतो. डॉक्टरांनी तिच्याशी चाळीस मिनिटं बोलून पुढची भेट दोन महिन्यांनंतरची दिली. पळायला परत सुरुवात करायची की नाही, ते त्या भेटीत ठरेल.